गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरचे चॅनल: कुडाळात गिऱ्हाईक रोज विचारतात ते प्रश्न

कुडाळला गाड्यांच्या साउंडचं काम करता करता बरीच वर्षं झाली. मे महिना आणि गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तर असे जातात की चहा पण बोनेटवर ठेवूनच प्यायचा. मुंबईहून चाकरमानी येतात, गावातली पोरं येतात, आंब्याच्या गाड्यावाले येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती वॅटचा लावू? आधी विचारायला पाहिजे किती चॅनलचा लावू, कारण वॅट थोडे कमीजास्त झाले तरी चालवून घेता येतं पण चॅनल चुकला की अख्खा अ‍ॅम्प बदलायला लागतो. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच नीट लिहून काढलं.

चॅनल म्हणजे नक्की काय?

एका स्पीकरला (किंवा स्पीकरच्या एका जोडणीला) आवाज पोचवणारी एक स्वतंत्र वाट. प्रत्येक चॅनलला आत यायला स्वतःचा सिग्नल असतो आणि बाहेर जायला स्वतःची प्लस-मायनस जोडी. २ चॅनलचा अ‍ॅम्प म्हणजे एका डब्यात दोन अ‍ॅम्प, ४ चॅनलचा म्हणजे चार.

आपल्याकडच्या भजनावरून सांगतो म्हणजे पटकन कळेल. डबलबारीचं चांगलं रेकॉर्डिंग घ्या, बुवा पेटी घेऊन मध्ये, पखवाज एका बाजूला, झांज दुसऱ्या बाजूला. हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये दोनच वाटांनी येतं, डावी आणि उजवी. पखवाज डाव्या वाटेत जास्त, झांज उजव्या वाटेत जास्त आणि बुवांचा आवाज दोन्हीत सारखा, म्हणून तो मधून आल्यासारखा वाटतो. मधोमध कुठलाच स्पीकर नसतो तरी बुवा मध्ये बसलेले ऐकू येतात.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. गाणं दोनच चॅनलचं असतं. तुमचा अ‍ॅम्प ४ चा असो नाहीतर ८ चा, त्याने गाण्यात नवीन काही येत नाही. जास्तीचे चॅनल म्हणजे कामाची वाटणी, पुढचे स्पीकर वेगळे, मागचे वेगळे, बफर वेगळा, आणि प्रत्येकाला पाहिजे तेवढाच आवाज पाहिजे तेवढ्याच पट्टीतला. (वूफरला इकडे सगळे बफरच म्हणतात, मी पण तेच लिहितो.)

डेकवरच ४ चॅनल ५० वॅट लिहिलंय, मग वेगळा अ‍ॅम्प कशाला?

ते ५० वॅट म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा. गाडी चालू असताना जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट मिळतात आणि डेकच्या आत व्होल्टेज वाढवायची सोय नसते. तेवढ्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) गणितानेच २५ वॅटच्या आसपास हद्द येते, आणि स्वच्छ, न फाटलेला आवाज म्हणाल तर १५ ते २० वॅट. बाहेरच्या अ‍ॅम्पमध्ये स्वतःचा पॉवर सप्लाय असतो, तो बॅटरीचे १२ व्होल्ट घेऊन आतल्या आत व्होल्टेज वाढवतो, म्हणून तो चॅनलमागे ५०, ७५, १०० खरे वॅट देऊ शकतो.

आता लागतो का? शांतपणे बातम्या आणि जुनी गाणी ऐकणाऱ्या माणसाला मी स्वतः सांगतो नको लावू, आधी पुढचे दोन स्पीकर चांगले घाल आणि दरवाजाला डॅम्पिंग (पत्र्याची थरथर थांबवणारी शीट) मारून घे. पण हायवेवर ८० च्या स्पीडने टायरचा आवाज, वर पत्र्यावर आपला पाऊस, अशात डेकचा व्हॉल्यूम वाढवत नेला की गळा फाटल्यासारखा आवाज येतो, तिथे अ‍ॅम्प लागतोच. परवा वेंगुर्ल्याहून एक काका आले होते, म्हणाले, "माका आवाज मोठो नको, साफ व्हयो." अ‍ॅम्प कशासाठी घ्यायचा ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

१, २, ४, ५, ६ यातला मला कुठला लागेल?

आधी कागदावर लिहा, अ‍ॅम्पवर कोण कोण बसणार. डेकवर राहणारे स्पीकर मोजायचे नाहीत.

फक्त बफर घालायचा असेल तर १ चॅनलचा, म्हणजे मोनोब्लॉक. तो बफरसाठीच बनवलेला असतो, वरची पट्टी कापूनच टाकतो, आणि बरेचसे १ किंवा २ ओहमपर्यंत आरामात चालतात. दरवाजातले स्पीकर मोनोब्लॉकवर लावू नका, मिळमिळीत ढब ढब येईल, शब्द कळणार नाहीत.

२ चॅनलचा घेतला तर एकतर पुढचे दोन स्पीकर किंवा ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनल एकत्र जोडून (पुढे सांगतो), एक बफर. दोन्ही एकदम नाही. लोक इथेच फसतात, २ चॅनलचा स्वस्त मिळतो म्हणून घेतात आणि सहा महिन्यांनी बफर घ्यायची इच्छा झाली की दुसरा अ‍ॅम्प, दुसरी वायर, दुसरा फ्यूज, परत सगळं सीट उचला.

४ चॅनलचा हा माझ्या मते सगळ्यात कामाचा. चार स्पीकर चालवा, नाहीतर दोन स्पीकर आणि उरलेले दोन चॅनल ब्रिज करून बफर. आज चार, उद्या बदल, तोच अ‍ॅम्प.

५ चॅनलमध्ये चार छोटे चॅनल आणि पाचवा मोठा, बफरसाठी. एका डब्यात सगळं, एकच जाड वायर, जागा कमी लागते. पण एक बिघडला की पाचही बंद, हे पण धरून चाला.

६ आणि ८ चॅनलचे घेणारे लोक वेगळे. पुढच्या ट्वीटरला (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) वेगळा चॅनल, दरवाजाच्या मिडला (मधल्या पट्टीचा स्पीकर) वेगळा, म्हणजे चार झाले, वर बफर. त्याला अ‍ॅक्टिव्ह सिस्टिम म्हणतात आणि त्यात डीएसपी (आवाजाचा डिजिटल प्रोसेसर) लागतो, प्रत्येक चॅनलची पट्टी, उशीर, लेव्हल वेगवेगळी बसवायला. नीट ट्यून केलेली अ‍ॅक्टिव्ह सिस्टिम ऐकली की दुसरं काही नको वाटतं, पण ट्यूनिंग न करता लावली तर साध्या ४ चॅनलपेक्षा वाईट वाजते आणि चुकीच्या सेटिंगला ट्वीटर पहिल्याच दिवशी जळतो.

छोटी गाडी आहे, चार स्पीकर आणि एक बफर. ४ घेऊ की ५?

मुख्यतः तुम्ही आणि बाजूचा माणूस ऐकणार असाल तर ४ घ्या. पुढचे दोन स्पीकर दोन चॅनलवर, बफर ब्रिज करून उरलेल्या दोनवर, आणि मागचे दोन डेकवरच राहू द्या हळू आवाजात. गाण्याला बसल्यावर गाणारा समोर असतो, पाठीमागे नसतो, म्हणून पैसे पुढच्या दरवाजांवर घाला.

मागे रोज माणसं बसतात, घरातली मोठी माणसं, पोरं, किंवा गाडी टुरिस्टला असते, तेव्हा ५ चॅनल.

ब्रिज करणं म्हणजे काय? कुठलेही दोन चॅनल ब्रिज होतात का?

दोन माणसांनी ओढायची लांब करवत असते ना, एक ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. ब्रिजमध्ये तसंच, एक चॅनल वर जातो तेव्हा दुसरा बरोबर उलटा खाली जातो, मध्ये असलेल्या बफरला दुप्पट व्होल्टेज मिळतं. व्होल्टेज दुप्पट म्हणजे कागदावर पॉवर चौपट, प्रत्यक्षात पॉवर सप्लायची दमछाक होते म्हणून तेवढी मिळत नाही, पण बरीच वाढते.

जोडायचं एका चॅनलचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस. नेमके कुठले दोन ते अ‍ॅम्पवर टर्मिनलखाली रेघ मारून दाखवलेलं असतं, अंदाजाने लावू नका. आणि अ‍ॅम्पवर तसं लिहिलेलं नसेल तर ब्रिज करूच नका. डेकचे चॅनल तर कधीच नाही, ते आतून आधीच ब्रिज केलेले असतात.

आता महत्त्वाचं. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला बफरचे अर्धेच ओहम दिसतात. ४ ओहमचा बफर ब्रिजवर लावला तर प्रत्येक चॅनलला वाटतं आपल्यावर २ ओहम आहे. अ‍ॅम्प २ ओहमपर्यंत चालणारा असेल तर ठीक. म्हणून जवळजवळ सगळ्या ४ चॅनल अ‍ॅम्पवर लिहिलेलं असतं, ब्रिजला कमीत कमी ४ ओहम.

हे मी स्वतः एक अ‍ॅम्प घालवून शिकलोय. सुरुवातीच्या दिवसांत माझ्याच गाडीला दोन कॉइलचा बफर ४ चॅनलवर ब्रिज केला, कॉइल समांतर जोडल्या, झाले २ ओहम, म्हणजे प्रत्येक चॅनलवर १ ओहम. कुडाळात दोन दिवस जबरदस्त वाजला. तिसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट चढताना, धुकं, काचा बंद, आणि गाडीत वितळलेल्या प्लास्टिकसारखा वास. गाडी बाजूला घेऊन डिकी उघडली तर अ‍ॅम्पवर हात ठेवता येत नव्हता. घरी आणून उघडला, आउटपुटचे ट्रान्झिस्टर फुटलेले आणि बोर्ड तिथे काळा. आता कुणाच्याही गाडीत बफर जोडायच्या आधी मी मीटर लावून ओहम मोजतो, बफर नवा कोरा असला तरी.

ओहमचं गणित सोपं करून सांगा ना.

बागेच्या पंपावर एक नळ उघडा असेल तर पंपावर लोड ठरावीक. दुसरा तेवढाच नळ उघडला की पाणी दुप्पट जातं आणि पंपाला दुप्पट काम पडतं. समांतर जोडणी म्हणजे दुसरा नळ उघडणं, ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात. ओहम कमी म्हणजे अ‍ॅम्पवर ताण जास्त, हे उलटं आहे, आणि बरेच जण इथे चुकतात. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले तर बेरीज, ४ आणि ४ आठ.

दोन कॉइलच्या बफरमध्ये दोन्ही करता येतं. ४ अधिक ४ वाला असेल तर त्याचे २ होतात किंवा ८, त्याचे ४ काही केलं तरी होत नाहीत. २ अधिक २ वाला असेल तर १ किंवा ४. म्हणून ४ चॅनल अ‍ॅम्पवर ब्रिज करायचा असेल तर २ अधिक २ वाला घ्या आणि सिरीजमध्ये जोडा, किंवा सरळ एका कॉइलचा ४ ओहमचा. आधी अ‍ॅम्प ठरवायचा, मग त्याला जमेल तो बफर.

मोनोब्लॉकवर बऱ्याचदा स्पीकरच्या दोन जोड्या टर्मिनल असतात, ते बघून लोकांना वाटतं दोन चॅनल आहेत. नाहीत. आतून त्या एकच आहेत, दोन बफर जोडायला सोयीचं पडावं म्हणून दिलेल्या. दोन्हीकडे २-२ ओहमचे बफर लावले की अ‍ॅम्पवर १ ओहम झाला.

बॉक्सवर २००० वॅट लिहिलेला स्वस्तात मिळतोय, घेऊ?

बॉक्स बाजूला ठेवा आणि अ‍ॅम्पचा फ्यूज बघा. समजा त्याला २० अ‍ॅम्पिअरचा एकच फ्यूज आहे. २० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे २७६ वॅट, एवढीच पॉवर त्याच्या आत सतत जाऊ शकते. आत २७६ जातात तर बाहेर २००० कुठून येणार? क्लास डी आणि क्लास एबी हे आतल्या सर्किटचे दोन प्रकार, त्यातला क्लास डी असला तर साधारण ८० टक्के बाहेर येतात, म्हणजे २२० च्या आसपास, आणि क्लास एबी असला तर निम्म्याहून थोडे जास्त. हे गणित दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर करता येतं.

बघायचा आकडा आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी पॉवर, आणि तो किती ओहमवर, किती व्होल्टवर आणि किती डिस्टॉर्शनला (आवाज किती फाटतो त्याचं प्रमाण) मोजलाय ते पण. त्यासाठी सीटीए-२००६ नावाचं अमेरिकन स्टँडर्ड आहे (आधी सीईए-२००६ म्हणायचे), त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त १ टक्का डिस्टॉर्शन अशी मोजायची पद्धत ठरलेली आहे. बॉक्सवर तो शिक्का असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि वॅटच्या मागे फार धावू नका. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. ५० चा ६० केला तर फरक कळतच नाही.

क्लास एबी की क्लास डी?

बफरला क्लास डी, दुसरा विचार नको. दरवाजातल्या स्पीकरला पूर्वी मी एबीच सांगायचो, आता चांगले क्लास डी पण तेवढेच गोड वाजतात, गरम कमी होतात आणि सीटखाली मावतात. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत काय उकाडा होतो ते माहितीये, त्यामुळे कमी तापणारा बरा.

गेन म्हणजे आवाज वाढवायचा नॉबच ना?

नाही, आणि या एका गैरसमजाने जेवढे ट्वीटर जळालेत तेवढे कशानेच नाही. गेन म्हणजे डेकमधून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांची जुळणी. जास्त फिरवला की अ‍ॅम्पची हद्द लवकर येते, लाटेची डोकी कापली जातात, त्यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि त्या कापलेल्या आवाजात वरच्या पट्टीची नको ती पॉवर तयार होते, ती जाते ट्वीटरमध्ये.

साध्या मल्टिमीटरने घरी पण सेट करता येतो. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढा, डेकचा बेस, लाउडनेस, इक्वलायझर सगळं सपाट करा, गेन पूर्ण खाली घ्या, इंजिन चालू ठेवा, मोकळ्या हवेत. डेकचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर आणा आणि पेन ड्राइव्हवरून एकसुरी टेस्ट टोन लावा, दरवाजाच्या स्पीकरसाठी १००० हर्ट्झ, बफरसाठी ५०. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा. किती व्होल्ट पाहिजेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ७५ वॅट आणि ४ ओहम म्हणजे ३०० चं वर्गमूळ, १७.३ व्होल्ट. ३०० वॅट आणि २ ओहम म्हणजे ६०० चं वर्गमूळ, २४.५. वॅट घेताना अ‍ॅम्प आणि स्पीकर यातला जो कमी असेल तो आरएमएस घ्या. गेन हळूहळू वर न्या, तो आकडा आला की थांबा आणि परत हात लावू नका.

एचपीएफ आणि एलपीएफ किती ठेवू?

सुरुवात दोन्ही ८० हर्ट्झवर करा. एचपीएफ दरवाजाच्या चॅनलला, म्हणजे ८० च्या खालचं जड काम त्यांना द्यायचं नाही, एलपीएफ बफरला, ८० च्या वरचं त्याच्याकडे जाऊ द्यायचं नाही. दरवाजात छोटे, ५ किंवा सव्वापाच इंची स्पीकर असतील तर त्यांना १०० करा.

मी पखवाजावर तपासतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, तिचा तो घुमणारा धुम् बफरमधून येतो, आणि उजव्या शाईच्या पुडीची टणकार दरवाजातून. एलपीएफ वर ठेवला तर दोन्ही हात एकमेकांत मिसळतात, द्रुत लय चालू झाली की नुसता गडगडाट. बरोबर बसला की प्रत्येक बोल सुटा ऐकू येतो आणि धुम् डिकीतून न येता समोरून आल्यासारखा वाटतो.

वायर कुठली घ्यायची?

इथे पैसे वाचवू नका, किनाऱ्यावर तर मुळीच नाही. दोन प्रकार मिळतात, पूर्ण तांब्याची, ती ओएफसी म्हणून मिळते, आणि सीसीए, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा. दिसायला सारख्या. ब्लेडने एक तार खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर सीसीए.

मालवणची एक गाडी आली होती, समुद्राला लागूनच उभी राहायची. तक्रार अशी की आवाज मध्येच जातो आणि खड्ड्यात गाडी आदळली की परत येतो. अर्थिंगची वायर सोडवायला गेलो तर थिंबलमधून ती तुटून हातात आली, वरचं तांबं हिरवं पडलेलं, आतून पांढरी भुकटी, तारा बोटाने दाबल्या तर वाळलेल्या गवतासारख्या मोडत होत्या. फिटिंगला दोन पावसाळे पण झाले नव्हते. खारी हवा आणि दोन धातू एकत्र आले की असंच होतं. पूर्ण तांब्याची वायर, दाबून बसवलेलं थिंबल, वर गोंद असलेली हीट श्रिंक, एवढं केलं की वर्षानुवर्षं बघायला लागत नाही.

जाडी: बहुतेक ४ आणि ५ चॅनलच्या फिटिंगला ४ गेज पुरते. ४ गेज म्हणजे साधारण २१ चौरस मिलिमीटर. घराच्या वायरिंगची ४ चौरस मिलिमीटर वायर ती ही नव्हे! गावातल्या वायरमनकडून फिटिंग केलेल्या गाडीत मी ही चूक बघितलीये, वायर इतकी गरम की कार्पेटवर डाग पडलेला.

बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज पाहिजेच. तो अ‍ॅम्प वाचवायला नसतो, गाडी वाचवायला असतो, वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर त्याने तुटायचं.

अर्थिंग कुठे द्यायची?

अ‍ॅम्पपासून अर्ध्या मीटरच्या आसपास, बॉडीच्या जाड पत्र्यावर, रंग पूर्ण घासून, नट-बोल्टने घट्ट. सीटबेल्टच्या बोल्टला नाही. आणि रंग घासला की आपल्या हवेत तिथून गंज सुरू होणार, म्हणून घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा साधी पेट्रोलियम जेली चोपडा, ही गोष्ट पुण्यामुंबईचे फिटर करत नाहीत, आपल्याला करायलाच लागते.

अ‍ॅम्प कुठे बसवायचा?

सीटखाली बसवणं सोपं, पण पावसात ओल्या चपला, छत्रीचं पाणी, एसीचा ड्रेन तुंबला तर ते पाणी, सगळं तिथेच जातं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, तेवढ्या पुरात काहीच वाचत नाही, पण दरवर्षी चार इंच पाण्यातून गाडी काढणारे आपण सगळेच आहोत. मी डिकीच्या बाजूच्या पॅनेलवर, जमिनीपासून वर, फळीवर बसवतो. सीटखालीच पाहिजे असेल तर दोन इंच उंच पट्ट्यांवर. बफरच्या पेटीवर नको, थरथरीने सोल्डर सुटतात. कापडाने झाकू पण नका, श्वास घ्यायला जागा ठेवा.

बॅटरी उतरेल का? हेडलाइट मंद होतात त्याचं काय?

गाडी चालू असताना वीज अल्टरनेटर देतो. ५०० खरे वॅट क्लास डीला पूर्ण आवाजात साधारण ४५ अ‍ॅम्पिअर लागतात, आणि छोट्या गाडीच्या अल्टरनेटरवर एसी, वायपर, लाइट यांचा लोड आधीच असतो. गाण्यात तेवढा करंट सतत लागत नाही म्हणून निभतं. पण मी छोट्या गाडीला ४००-५०० च्या वर जायला सांगत नाही. लाइट लवलवायला लागले तर आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंग तपासा, कपॅसिटर विकत घ्यायला धावू नका, कपॅसिटर वीज तयार करत नाही.

इंजिन बंद करून गावच्या मैदानात तासन्‌तास वाजवायचं असेल तर बॅटरी उतरणारच. अर्ध्या तासाने इंजिन चालू करा.

कंपनीच्या टचस्क्रीनला आरसीए (सिग्नल बाहेर काढायची जागा) नाही, तरी अ‍ॅम्प लावता येतो का?

येतो. बऱ्याच अ‍ॅम्पना हाय लेव्हल इनपुट असतो, स्पीकरच्याच वायरी त्याला जोडायच्या, त्यातले काही सिग्नल आला की आपोआप चालू पण होतात, रिमोटची वेगळी वायर लागत नाही. नसेल तर मध्ये लाइन आउट कन्व्हर्टर टाकायचा, तो स्पीकरच्या वायरीतून आरसीएचा सिग्नल काढून देतो. वायर कापू देऊ नका, तुमच्या गाडीचा कपलर मिळतो का ते आधी बघा, म्हणजे वॉरंटीच्या वेळी काढून मूळचं होतं तसं करता येतं. काही कंपनी डेक व्हॉल्यूम वाढवला की स्वतःच बेस कमी करतात, तिथे नुसत्या अ‍ॅम्पने भागत नाही, डीएसपी लागतो.

रेस दिली की स्पीकरमधून किर्र आवाज येतो.

अल्टरनेटरचा आवाज आहे. दहापैकी आठ वेळा अर्थिंग ढिली किंवा रंगावर बसवलेली असते. नाहीतर आरसीए आणि जाड पॉवर वायर एकाच बाजूने नेलेली असते, ती दोन वेगळ्या बाजूंनी न्या.

प्रोटेक्टचा लाल दिवा लागलाय.

सगळ्या स्पीकर वायरी काढून चालू करा. दिवा गेला तर एकेक चॅनल जोडत जा, ज्याला दिवा परत लागला त्याची वायर कुठेतरी पत्र्याला लागलीये, बहुतेक दरवाजाच्या रबरात. काढूनही दिवा राहिला तर अ‍ॅम्प रिपेअरला.

ईव्हीत चालेल?

चालेल, ईव्हीत पण १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, फक्त तिच्यावरूनच घ्यायचं. नारिंगी वायरी हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांच्या जवळपास ड्रिल पण नको.

फिटिंग बरोबर झालंय हे मी कसं ओळखू?

गाडी ताब्यात घ्यायच्या आधी दहा मिनिटं बसा. डेकवर बॅलन्स पूर्ण डावीकडे करा, फक्त डावे वाजले पाहिजेत, मग उजवीकडे. फेडर पुढे, मागे. डावा-उजवा उलटा लागलेल्या किती गाड्या फिरतायत, मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. (४ चॅनलवर बफर लावला असेल तर फेडर मागे केल्यावर काय होतं ते फिटरला विचारून घ्या, जोडणीप्रमाणे बदलतं.)

मग बॅलन्स मध्ये आणा, बफर बंद करा आणि एकाच माणसाचा आवाज असलेलं काहीतरी लावा, अभंगाची सुरुवात, कीर्तन, काही पण. आवाज डॅशबोर्डच्या वरून, समोरून आला पाहिजे. आपली सीट उजवीकडे म्हणून तो थोडा उजवीकडे ओढलेला वाटेल, ते साहजिक आहे, उजवा स्पीकर जवळ आहे. डेकमध्ये टाइम अलाइनमेंट असेल तर उजव्याला थोडा उशीर द्या, एक मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटिमीटर, टेप घेऊन दोन्ही स्पीकरचं तुमच्या डोक्यापासूनचं अंतर मोजा आणि फरक तेवढा भरा.

पण आवाज समोर कुठे सापडतच नसेल, पूर्ण गाडीत पसरल्यासारखा, पोकळ, आणि बॅलन्स एका बाजूला केल्यावर बेस उलट वाढत असेल, तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागलेत. एक स्पीकर हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. तिथल्या तिथे दरवाजाचं पॅनेल उघडायला सांगा, दोन वायरी अदलाबदल करायला पाच मिनिटं लागतात, आणि परत तोच अभंग लावा, बुवा समोर येऊन बसतात.